इनटेक आणि एक्झॉस्ट बदलल्यावर टर्बो एसयूव्ही चढावर दम सोडते: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

बाहेरून घेतलेला कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), ॲल्युमिनियमचा इनटेक पाइप आणि मोठ्या व्यासाचा एक्झॉस्ट बसवलेल्या टर्बो एसयूव्ही माझ्याकडे सतत येतात, आणि बहुतेक सगळ्या एकच गाऱ्हाणं घेऊन येतात. बसवल्यावर गावात गाडी छान चालली, पहिल्या मोठ्या चढावर मात्र बसली. गाडी बहुतेक वेळा २ ते २.५ लिटर डिझेलची असते, हल्ली टर्बो पेट्रोलच्याही येतात. कंपनीतून आलेल्या गाडीचा हा दोष नाही, नवीन सामान बसवल्यानंतर तो सुरू होतो. म्हणून शोधही तिथूनच सुरू करायचा.

आधी लक्षणं ओळखा

- सपाट रस्त्यावर गाडी ठीक. खंबाटकी, कसारा, आंबोली असा लांब चढ लागला किंवा ओव्हरटेकला पाय दाबला की पिकअप एकदम जातो, चेक लाइट लागतो आणि इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर चढत नाही. बाजूला घेऊन किल्ली बंद करून परत चालू केली की गाडी पूर्ववत. हा लिम्प मोड. इंजिन वाचवण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, मुद्दाम ताकद कापतो.
- पाय दाबताना बॉनेटखालून फुस्स असा आवाज किंवा आधी नसलेली शिट्टी.
- चढावर मागे काळा धूर. ॲव्हरेज पडलेलं.
- सकाळी थंड इंजिनावर टक-टक-टक, इंजिन तापलं की आवाज कमी.
- डीपीएफचा (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा पूर्वीपेक्षा लवकर लवकर लागतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते.
- केबिनमध्ये धुराचा वास, डोकं जड होणं.

शेवटचं लक्षण असेल तर पुढची कुठलीही तपासणी न करता गाडी चालवणं थांबवा. एक्झॉस्ट फुटला आहे आणि कार्बन मोनॉक्साइड आत येतोय. या वायूला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे तुम्हाला येणारा वास म्हणजे धोक्याचा फक्त जाणवणारा भाग. गाडी उचलून गॅरेजला न्या.

लक्षणं लिहून ठेवा: कोणत्या गिअरमध्ये, किती आरपीएमला, इंजिन थंड होतं की गरम, एसी चालू होता की बंद. हे लिहिलेलं नसेल तर गॅरेजवाला अंदाजाने सामान बदलत जातो आणि बिल तुम्ही भरता.

दोष टर्बोचा क्वचितच असतो

अशी गाडी पाहिल्यावर बऱ्याच ठिकाणी पहिलं वाक्य ऐकू येतं, "टर्बो गेला." टर्बो महागडा असतो आणि दहातल्या नऊ वेळा तो शाबूत असतो, हे मी छातीठोकपणे सांगेन. दोष असतो हवेच्या हिशेबात.

हवेचा रस्ता असा आहे: एअर फिल्टर, त्याच्यापुढे हवा मोजणारा एमएएफ सेन्सर, मग टर्बोचा कॉम्प्रेसर (हवा दाबून पुढे ढकलणारं चाक), इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांमध्ये वाटणारा). मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या अलीकडे मॅप सेन्सर असतो, तो दाब मोजतो. इंजिनातून निघालेला धूर टर्बोच्या टर्बाइनमधून (कॉम्प्रेसरला फिरवणाऱ्या चाकातून) जातो, मग कॅटॅलिस्ट (विषारी वायू कमी करणारा), डीपीएफ आणि शेवटी सायलेन्सर. एमएएफने सांगितलेली हवा आणि मॅपने सांगितलेला दाब यांचा मेळ बसला तरच ईसीयू पूर्ण डिझेल सोडतो. इनटेक बदलताना तुम्ही या रस्त्याचे तीन-चार जोड उघडता, एक सेन्सर एका पाइपमधून काढून दुसऱ्यात बसवता आणि पाइपचा व्यासही बदलता. एक्झॉस्ट बदलताना आणखी दोन जोड उघडतात. बिघाड बहुतेक वेळा याच जागी सापडतो, म्हणून तपासणीही याच जागांवरून करायची.

फुकटची तपासणी: डोळे आणि हात

इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा. टर्बोच्या आसपासचा लोखंडी भाग गाडी थांबवल्यावर अर्धा तास तरी चटका देतो, तेव्हा घाई नको. फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंत प्रत्येक जोड हाताने पिळून आणि ओढून पाहा. जोड किंचितही फिरला तर तो सैल आहे.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. कंपनीच्या पाइपच्या टोकाला बाहेर आलेली गोल कड असते. रबरी होज त्या कडेवरून सरकवायचा आणि क्लिप कडेच्या मागे आवळायची, म्हणजे दाब आला तरी होज निसटत नाही. बाहेरच्या स्वस्त किटमध्ये पाइप नुसता करवतीने कापलेला असतो, टोक गुळगुळीत. त्यावर सिलिकॉनचा होज चढवला, क्लिप कितीही आवळली, तरी आत टर्बोमधून आलेल्या ऑइलचा पातळ थर असतोच. तेवढ्या थरावर होज प्रत्येक वेळी पाय दाबला की अर्धा मिलिमीटर सरकतो. गाडी उभी असताना सगळं घट्ट दिसतं. क्लिप सोडून पाहिलं की सिलिकॉनवर क्लिपचा एक ठसा न दिसता दोन-तीन ठसे दिसतात, एकामागे एक, आणि त्यांच्यामध्ये काळसर तेलकट पट्टा. हा पट्टा दिसला की चोर सापडला समजा.

उपाय: पाइपचं टोक आणि होजची आतली बाजू दोन्ही पूर्ण पुसून कोरडी करा. टोकाला कड नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून कड काढून घ्या किंवा टोकाभोवती वेल्डिंगचा बारीक मणी फिरवून घ्या. हे काम पाइप गाडीतून काढूनच करायचं. वेल्डिंगची गुठळी किंवा कीस पाइपमध्ये राहिला तर तो सरळ कॉम्प्रेसरच्या पात्यांवर जातो, म्हणून नंतर पाइप आतून घासून, धुऊन, वाळवून घ्या. दाबाच्या बाजूला, म्हणजे टर्बोनंतर, साधी पेचाची पातळ क्लिप न वापरता रुंद, बोल्टची क्लिप वापरा.

याच फेरीत टर्बोच्या अलीकडचा, म्हणजे ओढीच्या बाजूचा होजही दाबून पाहा. तो फार मऊ असेल तर जोरात ओढ बसल्यावर आत चेपतो. गाडी उभी असताना तो गोल दिसतो, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. सिलिकॉनच्या आत कापडाचे निदान तीन-चार थर हवेत.

आणखी दोन गोष्टी. जुना एअर बॉक्स काढताना त्याला लागून गेलेले बारीक व्हॅक्यूम पाइप निघतात, त्यातला एखादा परत लावायचा राहतो किंवा चुकीच्या तोंडाला लागतो. इंजिनचा ब्रीदर पाइपही (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये नेणारा) पाहा. त्याचं टोक उघडं सोडलेलं असेल तर तिथून फिल्टर न झालेली धूळ आत जाते.

कोड वाचा, आणि लगेच पुसू नका

चेक लाइट लागला की ईसीयू बिघाडाचा कोड साठवतो. तो वाचायला ओबीडीचं (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लागणारं) छोटं ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवरचं ॲप एवढ्यात काम होतं. कोड वाचल्यावर त्यासोबत साठवलेली माहितीही बघा: कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिनवर भार किती, दाब किती होता. कोड पुसला की हीदेखील जाते, म्हणून आधी फोटो काढा.

पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब हवा तेवढा बनला नाही. पी ०२३४ म्हणजे दाब गरजेपेक्षा वाढला. पी ०१०१ किंवा पी ०१०२ म्हणजे एमएएफचं मोजमाप ईसीयूला पटत नाही किंवा फार कमी येतंय. पी २००२ किंवा पी २४६३ असेल तर डीपीएफकडे बघावं लागेल. पेट्रोलमध्ये पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी, आणि पी ०४२० म्हणजे कॅटॅलिस्ट नीट काम करत नाही.

कोड दोषी पार्टचं नाव सांगत नाही. पी ०२९९ आला म्हणून टर्बो खराब असं नसतं. निसटलेल्या होजमुळे, सैल व्हॅक्यूम पाइपमुळे, टर्बाइनच्या आधी फुटलेल्या पॅकिंगमुळेही हाच कोड येतो.

एमएएफ सेन्सर: या बिघाडाचं माहेरघर

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो आणि तुम्हीही द्या.

या सेन्सरमध्ये एक तापलेली बारीक तार किंवा पातळ फिल्म असते. जाणारी हवा तिला थंड करते, ती तापलेली ठेवायला किती वीज लागली यावरून ईसीयू हवेचं वजन काढतो. म्हणजे सेन्सरला प्रत्यक्षात कळतो तो त्याच्या अंगावरून जाणाऱ्या हवेचा वेग. पाइपचा व्यास किती हे ईसीयूमध्ये कंपनीने आधीच भरून ठेवलेलं असतं.

आता समजा मूळ पाइपचा आतला व्यास ७० मिलिमीटर होता आणि नवीन पाइप ७६ मिलिमीटरचा आहे. फरक सहाच मिलिमीटर, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे सुमारे १८ टक्के. तेवढीच हवा आता मूळच्या ८५ टक्के वेगाने जाते. सेन्सर प्रामाणिकपणे कमी वेग सांगतो आणि ईसीयू समजतो की हवाच कमी आली. डिझेल गाडीत धूर होऊ नये म्हणून तो इंधन कापतो. जास्त हवा मिळावी म्हणून लावलेल्या पाइपमुळे गाडी मंद होते ती अशी. म्हणून किट घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो सेन्सरच्या जागेच्या आतल्या व्यासाचा. तो कंपनीच्या पाइपएवढाच हवा, पुढेमागे पाइप मोठा असला तरी.

व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही मोजा. मग या गोष्टी पाहा:

सेन्सरच्या अंगावरचा बाण हवेच्या दिशेने, म्हणजे टर्बोकडे आहे का? उलटा बसवलेले सेन्सर मी बरेच पाहिले आहेत, काही किटमध्ये दोन्ही बाजूंनी स्क्रू लागतात. ओ-रिंग जागेवर आहे का, की चिमटून कापली गेली? मूळ हाउसिंगमध्ये सेन्सरच्या आधी एक जाळी असते, ती हवा सरळ करते. जाळी नाही आणि सेन्सर वळणाच्या लगेच पुढे बसवलाय, तर हवा भोवऱ्यासारखी फिरत येते आणि आकडा सारखा हलत राहतो.

फिल्टर तेल लावायचा कापडी असेल तर सेन्सर काढून उजेडात धरा. तारेवर किंवा फिल्मवर चिकट चमक दिसली तर फिल्टरला तेल जास्त झालं आहे. सेन्सर स्वच्छ करायला एमएएफसाठीचाच स्प्रे वापरा. कार्ब्युरेटरचा किंवा ब्रेकचा क्लीनर नको, त्याने सेन्सर कायमचा जाऊ शकतो. तारेला बोट, कापूस, ब्रश काहीही लावू नका. लांबून फवारा, पूर्ण वाळू द्या, मगच प्लग जोडा. फिल्टरला परत तेल लावाल तेव्हा बेताने लावा आणि कापडात मुरायला वेळ द्या.

मूळ एअर बॉक्स परत लावून पाहा

नवीन सामान बसवताना जुनं काढलेलं फेकू नका, विकू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. कारण ही तपासणी. अर्ध्या तासात मूळ बॉक्स आणि मूळ पाइप लावा, एक्झॉस्ट नवीनच राहू द्या, आणि त्याच चढावर गाडी घेऊन जा. बिघाड गेला तर तो इनटेकमध्ये होता. राहिला तर एक्झॉस्टमध्ये किंवा दाबाच्या बाजूला आहे. एका फेरीत अर्धं काम संपतं आणि खर्च शून्य.

जाताना लाइव्ह डेटा पाहायला शेजारी कुणीतरी बसवा. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही.

लाइव्ह डेटा कसा वाचायचा

आधी किल्ली चालू, इंजिन बंद. मॅप सेन्सरने या वेळी बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे: मुंबई-कोकणात १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. आकडा याच्याशी जुळत नसेल तर सेन्सर किंवा त्याची वायर आधी बघा, पुढचे सगळे आकडे त्याच्यावर अवलंबून आहेत.

मग चढावर, पूर्ण पाय दाबून, एमएएफ आणि मॅप दोन्हींच्या नोंदी घ्या आणि मूळ बॉक्सवर घेतलेल्या नोंदींशी ताडून पाहा. निदान इथेच होतं:

एमएएफ कमी, पण दाब ठीक: मोजमाप चुकतंय. पाइपचा व्यास, सेन्सरची जागा, किंवा सेन्सर आणि टर्बोच्या मधला जोड सैल होऊन न मोजलेली हवा आत येतेय. हा जोड ताबडतोब दुरुस्त करा, कारण त्या फटीतून धूळही जाते आणि धूळ कॉम्प्रेसरची पाती झिजवते.

दाब कमी, पण त्या दाबाच्या मानाने एमएएफ जास्त: मोजलेली हवा टर्बोनंतर कुठेतरी बाहेर पळतेय. काळा धूर याच प्रकारात येतो, कारण ईसीयूने हवा धरून डिझेल सोडलं आणि हवा पोचलीच नाही. अशी गाडी तशीच चालवत राहिलात तर दाब भरून काढायला टर्बोला गरजेपेक्षा जास्त फिरावं लागतं. एका क्लिपच्या दुर्लक्षाने टर्बो खरोखर जातो तो असा.

दोन्ही कमी: टर्बोच फिरत नाहीय किंवा हवा आत येतच नाहीय. फिल्टर तुंबलाय, ओढीचा होज चेपतोय, टर्बाइनच्या आधी धूर गळतोय किंवा ॲक्च्युएटर (दांडी हलवून टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग) अडकलाय.

इनटेकच्या हवेचं तापमानही पाहून ठेवा. उघडा कोन फिल्टर रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो. तापमान दर तीन अंशांनी वाढलं की हवेची घनता साधारण एक टक्का घटते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बाहेर ४४ अंश असताना बॉनेटखाली किती असेल याचा विचार करा. चालत्या गाडीत फिल्टरजवळचं तापमान बाहेरच्यापेक्षा १५-२० अंशांनी वर राहत असेल तर कोन फिल्टरभोवती बंदिस्त पेटी आणि त्याला बाहेरच्या हवेचं तोंड हवंच. मात्र ते तोंड बंपरच्या खाली आणू नका. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून किंवा ओढ्यातून गेलात की पाणी थेट सिलिंडरमध्ये जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. एकदा पाणी ओढून बंद पडलेली गाडी परत स्टार्ट करून बघू नका, टो करून न्या.

दाबाची गळती शोधणं

साबणाचं पाणी, एक टोपण आणि पंक्चरवाल्याकडची हवा एवढं लागतं. एमएएफच्या पुढचा पाइप सोडून त्या तोंडाला बरोबर बसणारं टोपण क्लिपने आवळायचं. टोपणाला ट्यूबचा व्हॉल्व बसवलेला असतो. त्यातून हळूहळू हवा भरायची, ०.७ बारच्या वर नाही. इंजिन बंद, ब्रीदरचं तोंड टर्बोच्या बाजूने बंद केलेलं. मग प्रत्येक जोडावर, इंटरकूलरच्या कडांवर, होजच्या खालच्या बाजूला साबणाचं पाणी सोडायचं आणि बुडबुडे बघायचे. टोपणासमोर तोंड आणायचं नाही, ते सुटलं तर गोळीसारखं येतं. हा आत्मविश्वास नसेल तर स्मोक मशीन असलेल्या गॅरेजमध्ये जा, धूर जिथून निघेल ती जागा समोरच दिसते.

इंटरकूलरच्या खालच्या बाजूला फट बऱ्याचदा सापडते. नवीन पाइप कडक असतो, तो चुकीच्या कोनात ताणून बसवला की इंजिन हलताना सगळा ताण इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या तोंडावर येतो. पाइपला ब्रॅकेट द्या आणि थोडी लवचीक जागा ठेवा.

एक्झॉस्टची बाजू

इथून पुढे गाडीखाली जावं लागतं. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. स्टँड लावा, चाकांना अडसर लावा.

थंड इंजिन सुरू करून लगेच ऐका. टक-टक आवाज मॅनिफोल्ड किंवा टर्बोच्या फ्लँजकडून (बोल्टने जोडलेल्या कडेकडून) येत असेल तर पॅकिंग गेलं आहे. लोखंड तापून फुगलं की फट बुजते, म्हणून आवाज नंतर कमी होतो. जोडाभोवती काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसेल. टर्बाइनच्या आधी गळती असेल तर टर्बो फिरवणारी ऊर्जाच बाहेर जाते आणि दाब बनत नाही. पॅकिंग जुनंच परत वापरलेलं असतं, हे याचं सर्वांत साधं कारण. ते प्रत्येक वेळी नवीन घाला आणि नट कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळा.

पेट्रोलमध्ये ऑक्सिजन सेन्सरच्या आधीची बारीक फट वेगळा त्रास देते. धुराच्या लाटांमध्ये बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो आणि ईसीयू विनाकारण इंधन वाढवतो. पेट्रोल टर्बोमध्येच आणखी एक प्रकार: मोकळा एक्झॉस्ट लावल्यावर वरच्या आरपीएमला दाब वाढतच जातो आणि पी ०२३४ येतो. वेस्टगेटचं, म्हणजे टर्बाइनला वळसा घालून धूर सोडणाऱ्या झडपेचं, तोंड जास्तीचा धूर वळवायला अपुरं पडतं. हे क्लिप आवळून सुटत नाही. गाडी जोरात पळवणं बंद करा आणि ट्यूनिंगचं काम जाणणाऱ्याकडे न्या.

डिझेलमध्ये डीपीएफला जाणारे दोन बारीक पाइप बघा, ते फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजतात. एक्झॉस्ट खाली-वर करताना ते ओढले जातात, तडकतात किंवा अदलाबदल होतात. इंजिन बंद असताना हा फरक जवळपास शून्य दिसायला हवा. तापमान सेन्सरच्या वायरी नव्या पाइपला टेकत नाहीत ना, हेही पाहा.

डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर आणि डिझेलचा वास येत असेल तर साखळी अशी असते: हवेचा हिशेब चुकला, काजळी वाढली, डीपीएफ वारंवार स्वतःला जाळून साफ करायला लागला, त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरलं. ऑइल पातळ झालं की टर्बोचं बेअरिंग आणि इंजिन दोन्ही धोक्यात. ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका, आणि मूळ कारण काढल्याशिवाय नवीन ऑइल टिकणार नाही.

डीपीएफ किंवा कॅटॅलिस्ट काढून तिथे सरळ पाइप टाकण्याचं काम मी करत नाही आणि करूही नका. १ एप्रिल २०२० पासून विकली जाणारी गाडी बीएस६ आहे, ही उपकरणं तिच्या मंजुरीचा भाग आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. कलम १९०(२) खाली ध्वनी आणि वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाला तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र. आपल्या मागे दुचाकीवर लेकरू घेऊन येणारा माणूस तो धूर श्वासात घेतो, मला तेवढं कारण पुरतं.

ॲक्च्युएटर आणि शेवटी टर्बो

व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर असेल तर एकाला इंजिन सुरू-बंद करायला सांगा आणि दांडी बघा. इंजिन सुरू होताच ती खेचली गेली पाहिजे, बंद करताच परत आली पाहिजे. हलत नसेल तर आधी व्हॅक्यूम पाइप आणि सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा विजेवरचा व्हॉल्व) तपासा. मोटरवर चालणारा असेल तर हात लावू नका, त्याला स्कॅनरवर शिकवावं लागतं.

टर्बोच्या तोंडाचा होज काढून, थंड इंजिनावर, शाफ्ट दोन बोटांनी हलवा. आजूबाजूला किंचित हालचाल चालते, पण पातं हाउसिंगला घासता कामा नये. आत-बाहेर हालचाल हाताला जाणवली तर बेअरिंग गेलं. पात्यांच्या कडा खाल्लेल्या, बोथट दिसल्या तर धूळ गेली आहे.

इथे हात थांबवा

शाफ्ट हलतोय, पाती घासलीत, निळा धूर येतोय, इंटरकूलरच्या पाइपमध्ये थराऐवजी ऑइल साचलंय किंवा टर्बोकडून सायरनसारखा आवाज वाढतोय: गाडी बंद करा, टो बोलवा. डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन किल्ली बंद केल्यावरही पळत सुटू शकतं. असं झालं आणि गाडी मॅन्युअल असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडा, इंजिन दडपून बंद पडेल. ते जमलं नाही तर माणसं बाहेर काढा आणि लांब व्हा. बॉनेटवर वाकू नका.

सगळे जोड तपासले, मूळ बॉक्स लावला, तरी तोच कोड येतोय, तेव्हाही थांबा. इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात वळवणारा व्हॉल्व), वायरिंग ही कामं कंपनीचा स्कॅनर आणि वायरिंगचा नकाशा असणाऱ्याची आहेत. त्याच्याकडे जाताना कोडचे फोटो, मूळ बॉक्सवरचे आणि नव्या पाइपवरचे आकडे, दोन्ही व्यास आणि कोणते जोड उघडले याची यादी द्या. वॉरंटीतली गाडी असेल तर काय बसवलं होतं हे लपवू नका, लपवलेल्या बदलामुळे निदान चुकतं आणि नंतर वादही होतो.

दुरुस्ती झाल्यावर दोन-तीनशे किलोमीटर चालवून, इंजिन पूर्ण थंड झालं की सगळ्या क्लिप आणि फ्लँजचे नट एकदा परत तपासा. नवीन सिलिकॉन आणि नवीन पॅकिंग पहिल्या काही तापण्या-थंड होण्यांत बसतं आणि क्लिप पाव-अर्धा फेरा सैल पडते.